चिमूटभर चूर्ण

दुपारचं जेवण झालं की शैलाकाकू स्टीलच्या डबीतलं चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवत, वर घोटभर ताक घेत आणि झाकण तळव्याने दोनदा दाबत. सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या बँकेत होत्या तेव्हा डबी पर्समधून जायची. निवृत्तीनंतर ती बिशानच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर असे. चूर्ण पुण्याच्या वैद्यांनी सांगितलेलं, पोटासाठी.

२०१६ साली परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्या नातवाचं, पंधरा वर्षांच्या तन्मयचं, पोट बिघडलं. काकूंनी त्यालाही चिमूट दिली. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने सहज चूर्णाचं पाकीट वाचलं.

"आजी, ह्यात कॅनाबिस आहे, ला!" तो इथल्या पोरांच्या ढंगात ओरडला.

"कसलं कॅनाबिस? जायफळ आहे ते."

"खाली बघ ना. भांग! शाळेत पोलीस येऊन सांगून गेलेत. यू गेव्ह मी ड्रग्ज!"

काकू हसल्या. मग त्याचा चेहरा पाहून थांबल्या.

संध्याकाळी मुलगा प्रबोध घरी आला आणि त्याने डबी, पाकीट, सगळं टॉयलेटमध्ये रिकामं केलं. "आई, पीआर जाईल आपलं, इथे राहायचा परवानाच. तुरुंग वेगळाच."

"अरे, पुण्यात दुकानदाराने मला काही विचारलंसुद्धा नाही. अमेरिकेत डेन्व्हरला माझा भाचा श्रीनिवास आहे ना, तो म्हणतो, तिथे ह्याची दुकानंच आहेत, पण दारात वय बघतात, एकवीसच्या आतल्याला पाऊल टाकू देत नाहीत. इथे माझ्यासारख्या म्हातारीलाही नाही. भांगेचं पान एकच ना? सगळेच म्हणतात, मुलांना जपायचंय. कोणापासून?"

"आई, खाली लिफ्टपाशी कोणाशी हे बोलू नकोस, प्लीज."

मी शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायचे, त्यांच्याकडे मराठी पुस्तकं मागायला जायचे. एकदा पुस्तक हातात देता देता त्यांनी विचारलं, "मुलांना जपायचं ते माझ्यापासून का गं?"

तन्मय त्यांच्या हातचं काही घेईना. बेसनाचा लाडूसुद्धा आईला विचारून खाई. काकूंनी डबी घासून तिच्यात बडीशेप भरली; झाकण मात्र तसंच दोनदा दाबत.

२०१८च्या ऑगस्टमध्ये त्या झोपेतच गेल्या. आदल्या दुपारी तन्मय क्लासला निघाला होता, बूट घालत होता. काकूंनी डबी पुढे केली. तो घुटमळला, मग त्याने हात पुढे केला. हे त्यानेच मला सांगितलं.

"थांब," त्या म्हणाल्या, "बडीशेपेचं पाकीट फळीवर आहे. आधी वाच, मग खा."