रडायला बोलावणं

माझी पोर अंगणात ठेवलेली होती आणि दीर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "वहिनी, आबानी सांगेल शे, आवाज करू नको. त्यासना घर पाव्हना येल शेतस."

आबा म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी. दीर त्यांचा सालदार. मी आणि पोर त्यांच्याच शेतात कापूस वेचायचो. त्या दिवशी त्यांच्या मुलाची हळद होती. त्यांचा बंगला आणि आमची गल्ली, मध्ये फक्त नाला.

मंगल काविळीनं गेली. धुळ्याच्या दवाखान्यातून सकाळी आणली. नवऱ्यानं टाकलेली, माझ्याजवळच राहायची.

आमच्याकडे माणूस गेलं की बाया तोंडावर पदर घेऊन हेल काढून रडतात. गेलेल्याचं नाव घेतात. तो काय खायचा, कसा बोलायचा, सगळं त्या रडण्यात सांगतात. तसं कुणी रडलं नाही, तर गेलेला कुणाचाच नव्हता असं होतं. माझी पोर तशी गेली. गल्लीत प्रत्येक मयताला पहिला हेल काढणारी मी, पदराचा बोळा तोंडात कोंबला. पलीकडे डीजे वाजत होता. तो बंद करा म्हणून कुणी सांगायला गेलं नाही.

आठवड्यानं कामावर गेले. आबांची बायको, आक्का, बांधावर उभी होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "पोर गयी तरी डोयाले पानी नही तुना. तुमनं बरं शे वं, लवकर इसरी जातस." बाया हसल्या. मीही हसले. मजुरी तिच्या हातात होती.

यंदा आबांची आई वारली. पुण्याहून नातवंडं आली. काळे चष्मे, हातात रुमाल, आवाज नाही. नातसुनांना हेल काढायची लाज वाटत होती. पण लोक दारावर भेटायला येणार. दार मुकं दिसलं तर आबांची अब्रू जाणार. मग दीर आला. "आक्कानी बलायेल शे. तुले चांगलं रडता येस." शेतात तण निंदायला बोलवावं तसं. दिवसाची मजुरी मिळेल, असंही म्हणाला.

गेले. ओसरीवर आमच्याच गल्लीतल्या बाया आणून बसवलेल्या. एक नातू मोबाइल धरून उभा. असं आता कुठं बघायला मिळत नाही, असं बायकोला सांगत होता. आक्कानं मला हातानं खूण केली. सुरू कर.

मी तोंडावरचा पदर काढला. म्हणाले, "आक्का, मनी पोरनं नाव सांग. मंग मी रडस."

माझी मंगल रोज संध्याकाळी ह्याच ओसरीवर त्या म्हातारीचे पाय चेपायची. आक्कानं दिराकडे पाहिलं. दिरानं मान खाली घातली. नातवानं मोबाइल खिशात टाकला.

"आते हाई काय काढं तू?" आक्का म्हणाली.

नाव तिला माहीतच नव्हतं. मी उठले.

घरी येऊन दारात बसले आणि उघड्या तोंडानं मंगलचं नाव घेऊन रडले. भर दुपारी. बंगल्यासमोर गाड्यांतून उतरणारे पाहुणे इकडे बघायला लागले. तिकडे कोण गेलं, विचारायला लागले. दीर पळत आला, हात जोडले. मी थांबले नाही. मंगलला तिखट शेव आवडायची, ती झोपेत बोलायची, तिला साप दिसला तरी भीती वाटत नव्हती. सगळं सांगितलं. आवाज बसेपर्यंत.

आता आबांच्या शेतात मला काम नाही. दीर बोलत नाही. न बोलो. मी शेजारच्या गावी वेचायला जाते.

आणि गल्लीतल्या एकेका बाईच्या घरी जाऊन बसते. काहींनी शब्द दिला, काही घाबरतात. घाबरणारीकडे मी पुन्हा जाते. आक्का कधीतरी मरेल. तेव्हा तिच्या दारात आमच्यातली एकही बाई तोंड उघडणार नाही. तोवर मला मरायचं नाही.