घट्ट झाकणाखालचं शून्य

वसईत मी घरीच बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. पाचूबंदरची एक मुलगी याच एका विषयात नापास झाली होती. पुरवणी परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि त्यात पास झाली तरच तिला नर्सिंगला जाता येणार होतं.

तिची गाडी एकाच गणितावर अडायची. अभिक्रियेत वायू तयार झाला, तर त्याने केलेलं कार्य म्हणजे बाहेरचा दाब गुणिले आकारमानातली वाढ. पण भांडं बंद आणि न फुगणारं असेल तर उत्तर शून्य. ती तिथेही आकडा काढून मोकळी व्हायची. एवढा वायू झाला, मग कार्य कसं नाही, असं विचारायची. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"शून्य म्हणजे शून्य. पाठ कर."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मला चैन पडेना, मीच तिच्या घरी गेलो.

घरात मामाचं लग्न होतं. बायकांनी फुग्या, म्हणजे लग्नातले गोल फुगीर पाव, तळायला मैदा भिजवला होता, तो फुगावा म्हणून ताडी घालून. अर्धं पीठ पातेल्यात, उरलेलं स्टीलच्या डब्यात काठोकाठ, दोन्हींवर फडकं. मला ओटीवर पिठाशेजारी बसवून सगळ्या आत कामाला लागल्या. एक मांजर डब्याभोवती घोटाळत होतं. आपणही जरा उपयोगी पडावं म्हणून मी डब्याला झाकण लावलं, वर कडीही घातली.

जेवल्याशिवाय कोणी सोडेना. दोनेक तासांनी तिची आजी बाहेर आली.

"हे झाकन कोनी लावलं?"

आजीने कडी काढली तशी फस्सकन हवा सुटली. पातेल्यातल्या पिठाने फडकं चांगलं वीतभर उचललं होतं. डब्यातलं पीठ होतं तिथेच होतं.

आजीमागून बाहेर आलेली मुलगी दोन्हींकडे बघत राहिली.

"सर, गॅस दोन्हीकडे झाला. पण डब्यात काही ढकललंच गेलं नाही. म्हणून शून्य."

मी हो म्हणालो. इतकी वर्षं हे गणित फळ्यावर सोडवत आलो, पण तिच्या त्या 'कसं'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तर ओरडलो होतो. मला लाज वाटली आणि तसं मी तिला सांगितलंही.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. पास झाल्याचं सांगितलं तरी ठेवेना.

"सर, पुढच्या बॅचला पाठ करायला नका सांगू."