साखरेवरचा सूड

नातीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर जांभळे ठिपके दिसले.

"आजी, या शरीराच्या रखवालदार पेशी. काही मुलांत याच पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना परकं समजून मारतात. मग मधुमेह होतो."

माझा धाकटा भाऊ शाळकरी वयात असाच गेला. तेव्हा मी, अतिशहाणी पोर, घरातला साखरेचा डबा विहिरीत फेकून सूड घेऊन आले होते. बेडकांची तेवढी दिवाळी झाली. सुडाला गुन्हेगार सापडला नाही, की हाताशी येईल तो चालतो. आणि आज हे खरे समोर.

"यांना मारणार ना गं?"

"नाही, घरचं माणूस ओळखायला शिकवणार."

"शिकव हो. पण आधी मला यांना पोटभर शिव्या घालू दे."

नातीने स्टूल ओढून दिले.