गुंड्याच्या पायाला हळद

आता ऐकाच. चहा गार होऊ द्या, पण हे ऐका, कारण असा येडेपणा मी पुन्हा करीन असं मला वाटत नाही. निदान कुत्र्याच्या बाबतीत तरी नाही.

आमच्या घरी गुंड्या आहे. गावठी, तांबडा, एक कान उभा आणि एक पडलेला. सासूबाईंनी तो तेल्हाऱ्याहून शालीत गुंडाळून आणला, तेव्हा मुठीएवढा होता. आता तो घरातला धाकटा मुलगा आहे. थोरला म्हणजे माझा नवरा, प्रमोद. दोघांत लाडका कोण, हे विचारायची आमची हिंमत नाही.

सासूबाई तिवशाला भाचीच्या लग्नाला गेल्या. जाताना बॅग उचलली, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "माय, प्रमोदकडे नाही पाह्यलं तरी चालते. याले सांभाळजो."

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या संध्याकाळच्या गाडीनं येणार होत्या. गुंड्याची नखं एवढी वाढली होती, की तो फरशीवरून चालला की कोणी टायपिंग करतंय असं वाटायचं. सासूबाईंच्या दोन साड्यांचे धागे त्यानं ओढून ठेवले होते. मला वाटलं, आई यायच्या आत कापून ठेवू. खूश होतील.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातली बाई हसत हसत कापत होती आणि तिचं कुत्रं डुलक्या घेत होतं. ती सांगत होती, नखाच्या आत रक्ताची शीर असते, ती पांढऱ्या नखात दिसते, काळ्या नखात दिसत नाही, म्हणून जपून. मी गुंड्याचे पंजे पाहिले. सगळी नखं कोळशासारखी काळी.

"मी याचं तोंड धरतो," प्रमोद म्हणाला, "तू काप. पण मले सांगू नोको कोण्या पायाचं कापून राहिली ते. मले पाहवत नाही."

झालं. त्यानं डोळे मिटून कुत्र्याला कवटाळलं, आणि मी डाव्या हातात पंजा, उजव्या हातात कटर घेऊन बसले. पहिलं नख टक्कन कापलं गेलं. काही झालं नाही. मला एकदम आपण डॉक्टर असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या नखाला गुंड्यानं पाय ओढला, मी कटर दाबला, आणि चादरीवर लाल थेंब.

"शीर कापली," मी म्हणाले.

"कोणाची?" प्रमोदनं डोळे न उघडता विचारलं.

आता सांगा, हा काय प्रश्न आहे? मी म्हटलं, "तुमची नाही, गुंड्याची." पळत जाऊन हळदीचा डबा आणला, मूठभर हळद पंजावर दाबली, जुन्या सुती साडीची पट्टी फाडून बांधली. माझ्या हाताला झोंबत होतं, पण हळद झोंबणारच.

पट्टी बांधून होते तर काय, शेजारच्या पंजावर रक्त.

"दोन नखं कापले का तू?"

"नाही हो, एकाच पायाचं कापलं."

"मंग या पायातून कसं येऊन राहिलं?"

मला काही कळेना. म्हटलं, आतून शिरा जोडलेल्या असतील. त्यालाही हळद, त्यालाही पट्टी. पाठोपाठ मागच्या पायावर लाल डाग. तोही बांधला. गुंड्या तीन पायांत मोजे घालून उभा राहिला आणि आमच्याकडे अशा नजरेनं पाहू लागला, की हे दोघं काय करून राहिले. रडत नव्हता, ओरडत नव्हता. मला वाटलं, धक्का बसला असेल.

रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "ॲक्सिडेंट झाला का याचा?"

"नाही," प्रमोद म्हणाला, "नखं कापले."

त्यानं मान पुढे वळवली. पण मग आरशात रस्ता कमी आणि मला जास्त पाहत होता.

जनावरांच्या डॉक्टरांनी गुंड्याला टेबलावर घेतलं. एकेक पट्टी सोडली, हळद धुतली, पंजा दाबला, बोटांच्या मधे पाहिलं. तिन्ही पाय झाले. मग चौथाही पाहिला, असू दे म्हणून.

"मॅडम, जखम कुठे आहे?"

"काय माहीत. रक्त येतं, थांबतं, दुसरीकडून येतं."

"अहो, एकच नख कापलेलं दिसतं. तेही नीट कापलंय. बाकी नखं जशीच्या तशी आहेत."

आम्ही तिघं कुत्र्याकडे पाहत राहिलो. तेवढ्यात स्टीलच्या टेबलावर टप्पकन एक थेंब पडला. गुंड्याच्या पायापासून वीतभर लांब. डॉक्टरांनी थेंबाकडे पाहिलं, मग वर, माझ्या हाताकडे.

"तुमचं बोट दाखवा बरं."

डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक. चांगलं कापलं होतं. हळदीत माखलेलं, म्हणून दिसलंच नाही.

"कुत्रा ठणठणीत आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तुम्हाला धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल. ते मी देत नाही, समोरच्या दवाखान्यात जा."

समोर गेलो. गुंड्याला बाहेर कुठं बांधणार? तोही आत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशानं झालं?"

"कुत्र्याचं नख..." मी सुरुवात केली.

"नख लागलं? मग रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"नाही, नख कापताना. मीच कापलं."

"नख?"

"बोट."

त्यांनी गुंड्याकडे पाहिलं. "मग याला कशाला आणलं?"

"आधी पेशंट हा होता," प्रमोद म्हणाला.

संध्याकाळी सासूबाई आल्या. दारातच थांबल्या. गुंड्याचे तीन पाय पिवळेजर्द, धुऊनही रंग गेला नव्हता. "मी तिवशाले हळद लावून आली," त्या म्हणाल्या, "अन् घरी याचं लगन कोनं काढलं?"

मग माझं बांधलेलं बोट दिसलं. चेहरा उतरला. "चावला का वं तुले?"

"नाही, आई."

"मंग तू त्याले चावली का?"

सगळं सांगावं लागलं. प्रमोद मधे मधे भर घालत होता, आणि त्याला बोलायला कोणी सांगितलं होतं? सासूबाईंनी गुंड्याला मांडीशी ओढलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत सगळं ऐकलं. एकदाही हसल्या नाहीत. मग चष्मा लावून माझा चांगला हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"नखं तुहेही वाढले माय," त्या म्हणाल्या. "राहू दे. यापुढं तुमचे दोघायचेही मीच कापत जाईन."

आणि खरं सांगते, मी हात पुढे करून गुंड्याच्या शेजारी बसले.