एका चमच्याची फोडणी

सुशीलामावशीने माझ्या बाबांना तीन महिने फसवलं.

रोज संध्याकाळी. आमच्याच डायनिंग टेबलावर. आणि मी तिला सामील होते.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं, म्हणून सगळं सांगून टाकते.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. मूळची नागपूरची, आमच्यासारखीच. शिकागोच्या हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर नर्स, आणि रिटायर झाल्यावर आमच्या शॉमबर्ग उपनगरातल्या सगळ्या मराठी घरांची विनापगारी नर्स.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे घेऊन आले. मग त्यांची बायपास झाली, शुगर निघाली, आणि माझ्या अंगात आलं.

ओट्सचं थालीपीठ. किन्वाचा उपमा. फ्लॉवर किसून केलेला "भात".

प्रत्येक ताट ठेवताना मी म्हणायचे, "बाबा, हे एकदम हेल्दी आहे हं."

बाबा दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. गोळ्या उपाशीपोटी. एकदा बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले.

त्या दिवशी म्हणाले, "माझं तिकीट काढून दे. नागपूरला जाऊन मरीन, पण जेवून मरीन."

मी रडत मावशीला फोन केला. ती आली, फ्रिज उघडला, माझा फ्लॉवर बघितला.

"काहून वं, बापाला जेवण देऊन राहिली का प्रिस्क्रिप्शन?"

आणि तिने गोळाभात केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भरड डाळीचे गोळे, पिवळा भात, आणि वरून कढत तेलाची फोडणी, सढळ हाताने. आमच्या विदर्भात याला जेवण म्हणतात. बाबांच्या डॉक्टरने याला काय म्हटलं असतं ते सोडा.

मावशीच्या भातात अर्धा दलिया होता. हळदीत कळत नव्हता. गोळ्यांत तेलाऐवजी दही घालून ते वाफवले होते.

पण खरी गंमत टेबलावर.

तिने बाबांच्या भातावर आधी लिंबू पिळलं. मग लोखंडी पळी चांगली तापवून, मोहरी, लसूण, लाल मिरची तडतडवून, बाबांच्या डोळ्यांदेखत ओतली.

चर्रर्रर्र!

बाबांनी डोळे मिटले.

"आता कसं," म्हणाले, आणि पूर्ण ताट संपवलं.

किचनमध्ये मावशी माझ्या कानात म्हणाली, "तेल एकच चमचा. ओल्या भातावर पडलं की आवाज मोठा येते. माणूस आधी कानानं जेवते, पोरी."

तीन महिने झुणका असो, वांगं असो, वरून एका चमच्याची फोडणी. बाबा गुटगुटीत झाले. रिपोर्ट इतके छान आले की मला राहवलं नाही. जेवताना बोलून गेले, "बाबा, अहो दलिया खाताय तुम्ही! तेल फक्त एक चमचा!"

बाबांचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे तुम्ही दोघींनी मला लहान पोरगं समजलं."

उठून गेले. दोन दिवस नुसता चहा आणि टोस्ट. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला. मला माझीच जीभ चावावीशी वाटत होती.

मावशी आली ती थेट बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"चुकलं, भाऊ. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

आणि तिने ती पळी त्यांच्या हातात दिली.

"आजपासून फोडणी तुमची. तेल किती घालायचं ते तुम्हीच ठरवा. मी काही बोलत नाही."

माझे बाबा रिटायर्ड हेडमास्तर. उभ्या जन्मात चहासुद्धा केलेला नाही. त्यांनी तेलाची बाटली उचलली. एक चमचा घातला. थांबले. आमच्याकडे बघितलं.

आणि बाटलीचं झाकण लावलं.

मी मनात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मोहरी जळली आणि घरातला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. माझी मुलगी मैत्री, तेव्हा सहा वर्षांची, कानावर हात ठेवून नाचत होती, "आजोबा, वन मोर टाइम!"

"ताई, टॉवेल!" बाबा ओरडले. मावशी खुर्चीवर चढून अलार्मखाली टॉवेल फडकवत होती आणि हसून हसून रडत होती.

मग हे नेहमीचंच झालं. बाबांची फोडणी, अलार्म, "ताई, टॉवेल!"

(एकदा देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला पार्क केलेल्या गाडीत मी मावशीला गरम जिलबी खाताना पकडलं. "नर्सला पण जीभ असते," म्हणाली, आणि अर्धी मला दिली. मावशी, हेही आज फोडलं. सॉरी.)

आज सकाळी घरी बुद्धवंदना झाली. तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. स्वयंपाक बाबांनी केला. गोळाभात, अर्धा दलिया, वीस ताटं.

सगळे पानावर बसल्यावर बाबा पळी घेऊन आले. लिंबू पिळलं. फोडणी ओतली.

चर्रर्रर्र!

आणि अर्थातच, अलार्म.

"ताई, टॉव..."

बाबा मध्येच थांबले.

मग मैत्री उठली. आता नऊ वर्षांची आहे. तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि टॉवेल फडकवायला लागली. आधी बाबा हसले, मग आम्ही सगळे. हसता हसता किती जण डोळे पुसत होते ते मी मोजलं नाही.

बाबांनी दोनदा भात घेतला, मावशी.

तुझी फार आठवण येते.

जय भीम.