बाटलीमामांचा दिवा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना सगळे बाटलीमामा म्हणतात. सव्वीस वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या. विज्ञान मी शिकवतो, पण प्रयोग जमतो तो त्यांच्याच हाताने. दरवर्षी ते दोन पेल्यांत बॅटरीच्या तारा बुडवतात. मिठाच्या पाण्यात चिमुकला लाल दिवा लख्ख लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही. मीठ पाण्यात फुटतं, त्याचे कण वीज वाहून नेतात. साखर नुसती विरघळते, तिचे कण अख्खे राहतात. मुलं डोळे विस्फारतात नि मामा तारा पुसून ठेवतात.

एका तापात मामांच्या तोंडाची चव गेली, ती परत आलीच नाही. "बरंच झालं, स्वयंपाकावरून भांडण नाही," म्हणायचे. पुढे मामींचं हृदय अधू झालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मामांनी घरातलं सगळं मीठ मोरीत ओतलं आणि स्वतः ओट्याशी उभे राहिले. ज्याला चवच नाही त्याला अळणीचं दुःख काय कळणार? मला तर त्यांचा रागच आला होता. मामींनी चार दिवस ताट सरकवून दिलं. मग म्हणाल्या, "निदान पेजेत साखर तरी घाला." मामा घालू लागले, आणि मामी वाटी चाटूनपुसून खाऊ लागल्या.

पायांची सूज मात्र वाढतच चालली. बसल्या जागी धाप लागू लागली. मामांचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी शाळेतला दिवा घरी नेला आणि तारा पेजेत बुडवल्या. लख्ख. डब्यातली चमचाभर साखर पाण्यात ढवळली. तिथेही लख्ख. मामींनी शेजारणीकडून साखरेसारखं दाणेदार मीठ मागून त्या डब्यात भरलं होतं. महिनाभर मामा त्याचाच चहा पीत होते, आणि बायकोला तेच आपल्या हाताने भरवत होते.

आता डब्यात खरी साखर आहे. सूज उतरली, पण मामी अंथरुणाला खिळल्या. पाच दिवस अळणी घास घशाखाली उतरलेला नाही.

आज वर्ग सुटेपर्यंत मामा दाराशी उभे होते.

"सर, दिवा लागणार नाही असं मीठ असतं का?"

"नाही हो मामा. पाण्यात फुटणं हा त्याचा गुणच आहे."

"नीट आठवून बघा, सर. मी थांबतो," ते म्हणाले, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.