बॅटरीतली रिंग

परवा कॉलेजच्या लॅबमध्ये पाइपच्या जोडात रबरी रिंग बसवताना तिचा वास बोटांना लागला आणि मला आमच्या कसबा बावड्यातल्या घरची वॉटरप्रूफ बॅटरी आठवली. पावसाळ्यात वडील ती घेऊन नदीवरच्या पाण्याच्या मोटरीकडे जायचे. मी तेव्हा इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. बॅटरी बंद पडली, तेव्हा मीच ती दुरुस्त करायला घेतली. स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरनं काढला आणि उजेड पडला. झाकण लावताना मात्र आतली पाणी अडवणारी काळी रबरी रिंग सारखी निसटायची. शेवटी मी ती कंपासपेटीत टाकली आणि झाकण तसंच आवळलं. सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो, तर वडील सगळ्यांना सांगू लागले, "पोरीनं केलीया. पाण्यात बी चालतीया." मी काही बोलायच्या आत त्यांनी बॅटरी कॅन धुवायच्या बादलीत बुडवली. पाण्यात उजेड जरासा हलला आणि विझला. "इंजिनिअर अजून कच्ची हाय की ओ," दूध मापणारे काका हसले. वडिलांनी बॅटरी शर्टाला पुसली. "तिचं काय न्हाय. रात्री मीच झाकण उघडून बघितलं, आवळायचं ऱ्हायलं." पण रात्रभर बॅटरी तर माझ्याच उशाशी होती. मी दुधाची रिकामी किटली उचलली. पुढे नवी बॅटरी आली. रिंग अजून कंपासपेटीतच आहे, आणि डेअरीवर कोणी तो विषय काढला, की वडील अजूनही स्वतःलाच वेंधळा म्हणतात.